आभाराची ओळ

भाऊंची मागणी एका ओळीची होती. तीसुद्धा अंकाच्या अगदी शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, जिथे वाचक सहसा पोचतच नाही. मनोविश्लेषणाच्या एका आंतरराष्ट्रीय त्रैमासिकाला पन्नास वर्षं पुरी होत होती, सुवर्णमहोत्सवी अंक निघायचा होता, आणि त्या अंकात भाऊंना एवढंच छापून हवं होतं की गेली एकतीस वर्षं या त्रैमासिकाची प्रुफं तपासणारे श्री. अमुक अमुक यांचे आभार. अमुक अमुकच्या जागी त्यांचं नाव. संपलं. यात कुणाच्या बापाचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्रैमासिकाचं कार्यालय म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मुख्य संपादक आणि संस्थापकांचा कोच. या कोचावर संस्थापकांनी म्हणे सहाशे माणसांची मनं उकलली होती, त्यामुळे आता त्यावर बसायला कुणालाच परवानगी नव्हती. दुसऱ्या खोलीत भाऊ, दोन कपाटं आणि पन्नास वर्षांचे अंक. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सल्लागारांची चौसष्ट नावं छापली जात, अकरा देशांतली. त्यातले नऊजण वारले होते. त्यांच्या नावापुढे बारीक फुली टाकायचं काम भाऊंचंच. गेलेल्यांचीसुद्धा नावं दर तीन महिन्यांनी छापून यायची, पण फुली टाकणाऱ्याचं यायचं नाही. संस्थापकांनी नियमच करून ठेवला होता की कार्यालयानं दिसू नये. भाऊंनी टाइप केलेल्या प्रत्येक पत्राखाली सही असायची ती 'कार्यालय' अशी. पुढेपुढे तर संपादकच म्हणायला लागले, "हे जरा कार्यालयाला बघू द्या," आणि भाऊ उठून बघायचे.

एकतीस वर्षं हे चाललं होतं आणि चाललंही असतं. पण भाऊंच्या इमारतीला लिफ्ट आली.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे भाऊंचे सख्खे मेव्हणे, बायकोचे धाकटे भाऊ. लिफ्टमध्ये दाराच्या वर पितळी पाटी लागली, त्यावर मेव्हण्यांचं नाव, बोटभर उंचीच्या अक्षरात. भाऊ पाचव्या मजल्यावर राहायचे. रोज मेव्हण्याच्या नावाखाली उभं राहून वर जायचं आणि खाली यायचं. एक दिवस लिफ्टमध्ये भाऊ, भाऊंची बायको, मेव्हणे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई असे चौघं होते. मेव्हणे पाटी रुमालानं पुसत म्हणाले, "काय मासिकवाले, तुमचं नाव कधी झळकणार?"

"त्रैमासिक," भाऊ म्हणाले. आणि मग, देव जाणे कुठून बुद्धी झाली, पुढे म्हणाले, "येतंय की. सुवर्णमहोत्सवी अंकात."

झालं! बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण असं पाहिल्याचं भाऊंना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाचही मजल्यांवर बातमी होती. बायकोनं फोन करून लांबच्या मावशीलासुद्धा सांगितलं. आता ती ओळ छापून येणं भाग होतं. नाही आली तर लिफ्ट सोडून जिन्यानं चढायची पाळी होती, आणि भाऊंचे गुडघे गेलेले.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा? मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "लेखी अर्ज द्या, तीन प्रतींत. तोंडी बोललेलं कुणी मोजत नाही." समोरच्या दारातले विमा एजंट म्हणाले, "अहो, अर्ज कसले करताय? साहेबांना एकटं गाठा. चांगल्या मूडमध्ये असताना." मेव्हणे म्हणाले, "सरळ छापून मोकळे व्हा. प्रुफं तुमच्याच हातात आहेत ना?" हा सल्ला भाऊंना इतका खालच्या दर्जाचा वाटला, की त्यांनी त्या रात्री जेवताना मेव्हण्याचा विषयच काढू दिला नाही.

एजंटांचं ऐकून भाऊंनी संपादकांना एकटं गाठलं. आता मूडचं म्हणाल तर संपादकांचा चेहरा भाऊंनी नीटसा पाहिलेलाच नव्हता. समोरच्याला मोकळं बोलता यावं म्हणून त्याच्या पाठीमागे बसायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. ती त्यांनी कार्यालयातही सोडली नव्हती. भाऊ भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे आणि मागून आवाज यायचा.

"सर, एक विनंती होती."

मागून काही नाही.

"सुवर्णमहोत्सवी अंकात शेवटच्या पानावर माझं नाव आलं असतं तर बरं झालं असतं."

"कुणाला?"

"मला."

"हं." बराच वेळ गेला. "हे असं कधीपासून वाटतंय?"

"एकतीस वर्षांपासून, सर."

"आणि त्याआधी?"

भाऊ गडबडले. त्याआधी ते दुसऱ्या छापखान्यात टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासत होते. तसं त्यांनी सांगितलं. मागे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "म्हणजे तिथे सगळ्या गावाची नावं होती," संपादक म्हणाले.

"हो, सर. माझं नव्हतं. आमच्याकडे फोन नव्हता."

पेन आणखी जोरात चाललं. भाऊंना वाटलं, अर्जच लिहून घेतायत. ते हुरूपानं पुढे बोलणार, तोच संपादक म्हणाले, "आज इथेच थांबू या." त्यांच्या एका बैठकीची ठरलेली पन्नास मिनिटं भरली होती.

मग विषय गेला संपादक मंडळाकडे. मंडळाच्या बैठकाही पन्नास मिनिटांच्याच. सातही सभासद हाडाचे मनोविश्लेषक, आणि आधी तोंड उघडणाऱ्याच्या मनात काहीतरी आहे असं उरलेले सहाजण धरून चालतात, म्हणून आधी कुणीच तोंड उघडत नाही. भाऊंच्या विषयावर अडतीस मिनिटं सगळे गप्प बसले. एकजण खोकला, तर दोघांनी ते टिपून घेतलं. शेवटी एक वयस्कर बाई म्हणाल्या, "मला यात वडिलांचा प्रश्न दिसतो."

"माझे वडील पोस्टात होते," कोपऱ्यात बसलेले भाऊ म्हणाले. "पत्रं वेगळी करायला."

सातही माणसांनी खाली मान घालून लिहायला घेतलं. भाऊंना त्या दिवशी कौतुक वाटलं या लोकांचं. आपल्या एका ओळीसाठी किती कष्ट घेतायत बिचारे!

एकोणपन्नासाव्या मिनिटाला ठराव झाला. त्रैमासिकाचा नियम असा होता की दोन तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय एक वाक्यही छापायचं नाही, आणि तज्ज्ञांना मजकूर पाठवताना त्यातलं नाव काढून टाकायचं, म्हणजे कुणाच्या बाजूनं पक्षपात नको. आभाराची ओळ हे वाक्यच होतं. तेव्हा तीही तज्ज्ञांकडे जाणार, नाव काढून. नाव काढायचं काम कुणाचं? कार्यालयाचं. भाऊंनी स्वतःच्या हातानं आपल्या नावावर पांढरी शाई फिरवली, फुंकर मारून वाळवली आणि 'श्री. ______ यांचे आभार' अशा दोन प्रती दोन देशांना रवाना केल्या.

सात आठवड्यांनी अभिप्राय आले. पहिल्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं, 'आभार कोणाचे मानले आहेत, हे लेखकाने स्पष्ट केलेले नाही. रिकामी जागा लक्षवेधी आहे, परंतु पुराव्याचा अभाव जाणवतो.' दुसऱ्यांनी चार पानं भरली होती. आभार मानणं हा खरं तर दडवलेला राग असतो, तो राग या ओळीत नीट व्यक्त झालेला नाही, सबब ओळ पुन्हा लिहून पाठवावी.

भाऊंनी पुन्हा लिहिली. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या. मुख्याध्यापिका बाईंना दाखवली, तर बाईंनी लाल पेन काढून त्यात चार दुरुस्त्या केल्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या कागदावर लाल शाई! भाऊ तीन दिवस बाईंशी बोलले नाहीत, पण दुरुस्त्या मात्र चारही बरोबर होत्या. मजकूर पुन्हा गेला, पुन्हा परत आला. पहिल्यांना आता पुरावा पटला होता, पण लांबी पटत नव्हती. दुसऱ्यांना राग दिसू लागला होता, तो आणखी हवा होता. तिसऱ्या खेपेला आभाराची ओळ दीड पानाची झाली, तिला नऊ संदर्भ लागले आणि त्यात आभार कुठे राहिले, ते भाऊंनाही सापडेना. घरी बायको रोज विचारायची, "झालं का हो?" आणि भाऊ म्हणायचे, "तपासायला गेलंय."

अशा वेळी उपसंपादिका बाई भेटल्या. मंडळातल्या सगळ्यांत तरुण त्या, पंचेचाळिशीच्या. एका गुरुवारी भाऊंच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "भाऊ, या ओळीचं काहीतरी चांगलं व्हावं असं मला वाटतं. माझ्याशी बोलाल?" आणि त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. फॉर्म भाऊंच्या ओळखीचा होता, त्याची प्रुफं त्यांनीच चौदा वर्षांपूर्वी तपासली होती. दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम तेव्हा राहून गेला होता, तो आता त्यांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी आधी स्वल्पविराम दिला, मग सही केली. फॉर्म कशाचा आहे हे त्यांनी पाहिलं नाही. हसू नका. एकतीस वर्षांत भाऊंनी काहीच वाचलं नव्हतं, फक्त तपासलं होतं. वाचत बसलं की चुका निसटतात.

अकरा गुरुवार भाऊ बोलले. बाई मागे बसायच्या आणि मध्येच "मग?" म्हणायच्या. एवढ्या "मग?"वर भाऊंचं सगळं बाहेर आलं. वडील दिवसभर लोकांच्या नावांची पत्रं खणाखणांत टाकायचे आणि त्यांना स्वतःला जन्मात एक पत्र आलं नाही, हे आलं. लिफ्टची पाटी आली. बायको आपल्याकडे बघते तेव्हा आपल्या डोक्याच्या वर कुठेतरी बघते असं वाटतं, हेही आलं. हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सातव्या गुरुवारी बोलता बोलता त्यांनी खिशातला रुमाल काढला. बाईंनी पाठीमागून पाण्याचा ग्लास पुढे केला. आपलं म्हणणं कुणी ऐकतंय याचं सुख काय असतं, ते माणसाला साठीला टेकल्यावर कळावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. घरी येताना ते लिफ्टमध्ये पाटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. बायको म्हणाली, "गुरुवारी काय एवढं बोलत बसता? माझ्याशी तर चार शब्द नाहीत."

"कामाचं आहे," भाऊ म्हणाले. "ओळीचं."

मग सुवर्णमहोत्सवी अंकाची प्रुफं आली. भाऊंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि बसले. पान एकशेबारावर उपसंपादिका बाईंचा लेख होता, बारा पानांचा: 'नावाची तहान: एका कार्यालयीन कर्मचाऱ्याचा वृत्तांत'. कर्मचाऱ्याचं नाव दिलेलं नव्हतं. रुग्णाची ओळख उघड करायची नाही हा नियम, म्हणून सगळीकडे 'श्री. क्ष'. भाऊंनी पहिल्या पानावर दोन चुका काढल्या, दुसऱ्यावर एक. तिसऱ्या पानावर श्री. क्ष यांचे वडील पोस्टात होते. भाऊंनी तिथे अवतरणचिन्ह सरळ केलं आणि पुढे गेले. चौथ्या पानावर लिफ्ट आली. भाऊंची पेन्सिल थांबली.

ते उठले, खिडकी उघडली, खिडकी लावली, पुन्हा बसले. आणि मग त्यांनी तो लेख, टिपा सोडून, पहिल्यापासून वाचला. वाचला. सगळ्यांत वाईट हे, की लेख चांगला होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आपल्या आयुष्याबद्दल आपल्यालाच माहीत नसलेल्या चार गोष्टी त्यात होत्या आणि त्या खऱ्या होत्या.

भाऊ तरातरा शेजारच्या खोलीत गेले. या वेळी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली.

"सर, हा श्री. क्ष म्हणजे मी आहे!"

"असं तुम्हाला वाटतं," संपादक म्हणाले.

"वाटतं काय? माझी लिफ्ट आहे, माझे वडील आहेत, माझी बायको आहे यात!"

"तुमची सही आहे, भाऊ. संमतीपत्रावर." संपादक खरंच मायेनं बोलत होते, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून पहिल्यांदाच कळलं. "आणि लेख उत्तम आहे. अंकाचा मानबिंदू होणार."

"बरं. आणि माझी ओळ?"

"ती आता छापता येणार नाही. तुम्हीच विचार करा. त्याच अंकात शेवटी तुमचं नाव आलं, तर श्री. क्ष कोण हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुमची गोपनीयता राखायला नको? मंडळानं तुमच्याच काळजीपोटी ओळ काढलीय."

भाऊ परत आपल्या खोलीत आले. प्रुफं छापखान्यात जायची होती. मूग गिळून त्यांनी पुढची पानं तपासायला घेतली. आणि पान एकशेएकोणीसवर, तळटीप सतरामध्ये, बारीक टायपात त्यांना स्वतःचं नाव दिसलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बाईंच्या टिपणातून जसंच्या तसं उतरलं होतं, 'श्री. क्ष' करायचं राहून गेलं होतं. हीच चूक पकडायला भाऊंना तिथे बसवलं होतं. अशा सोळा चुका त्यांनी आजवर पकडल्या होत्या, सोळा परक्या माणसांची अब्रू वाचवली होती.

पेन्सिल नावावर आली. टोक कागदाला टेकलं. मग त्यांनी पेन्सिल उचलली, पान उलटलं आणि शेवटी 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून टाकलं. एकतीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक. त्यांचे कान गरम झाले होते.

पुढचे पंधरा दिवस भाऊ हवेत होते. बायकोला सांगितलं, "पान एकशेएकोणीस. टीप सतरावी. तिथे बघायचं, बाकी काही वाचायची गरज नाही." तिनं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

अंकाच्या प्रकाशन समारंभाला बायको आली, मेव्हणे आले, मुख्याध्यापिका बाई आल्या, विमा एजंट आले. संपादकांनी सल्लागारांचे आभार मानले, कागदवाल्याचे मानले, सभागृहाच्या व्यवस्थापकांचे मानले, खालच्या चष्मेवाल्याचेसुद्धा मानले. भाऊ गालातल्या गालात हसत होते. अंक वाटले गेले. बायकोनं पान एकशेएकोणीस काढलं, चष्मा लावला आणि टीप सतरावर बोट ठेवलं.

'श्री. क्ष.'

भाऊंना वाटलं, पान चुकलं. नव्हतं चुकलं. एवढ्यात छापखान्यातला पानं लावणारा गर्दीतून वाट काढत आला. वीस वर्षांचा त्यांचा संबंध, त्याला हे काम भाऊंनीच शिकवलेलं. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"भाऊ, तुमच्या नजरेतून एक सुटलं होतं! तळटिपेत कुणाचं तरी खरं नाव तसंच राहिलेलं! माझं काळीजच उडालं. म्हटलं, छापून गेलं तर भाऊंच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा. शेवटच्या क्षणी बदललं बघा. तुमचीच शिकवण."

"शाबास," भाऊ म्हणाले.

तोवर मेव्हण्यांनी लेख पहिल्यापासून चाळायला घेतला होता. "अरेच्चा! पोस्टातले वडील... लिफ्ट... पितळी पाटी..." त्यांचा आवाज चढत गेला. "अहो, हे तर तुम्हीच! आणि हे काय? 'मेव्हण्यांचा पोकळ बडेजाव'? पोकळ?" मुख्याध्यापिका बाईंनी त्यांच्या हातातला अंक ओढून घेतला. विमा एजंट खांद्यावरून वाचायला लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत पाचही मजल्यांना श्री. क्ष कोण हे ठाऊक होतं आणि जिन्यात मुलं दबक्या आवाजात "क्ष आले, क्ष आले" म्हणत होती. ज्या गोपनीयतेपायी नाव गेलं, ती चोवीस तासही टिकली नाही.

बायकोनं मात्र समारंभातच अंक पिशवीत घातला होता. त्याच रात्री घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाराही पानं वाचली, सावकाश, टिपांसकट. भाऊ दारात उभे होते.

"हे सगळं तिला सांगितलंत," ती म्हणाली.

"तिनं विचारलं."

"यातली ती बायको, डोक्याच्या वर बघणारी, ती मी?"

"हो."

"तिचंही नाव नाहीये कुठे." तिनं अंक मिटला. "'श्री. क्ष यांची पत्नी.' तुम्हाला निदान एक अक्षर तरी मिळालंय."

दारावरच्या पाटीवरसुद्धा भाऊंचं एकट्याचं नाव होतं, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती पाटी रोज पाहिली होती, वाचली नव्हती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ती उठून भांडी घासायला लागली होती आणि नळ मोठा सोडला होता.

दोन महिन्यांनी कार्यालयात एक परदेशी पत्र आलं. हातानं लिहिलेलं. कुठल्याशा ग्रंथालयात आयुष्यभर सूची करणारा एक म्हातारा होता. त्यानं लिहिलं होतं, 'चाळीस वर्षं हे त्रैमासिक मी नोंदवत आलो, वाचला मात्र हा एकच लेख. मीही कुठेच नाही. हे श्री. क्ष कोण आहेत? कृपा करून त्यांचं नाव कळवा. मला त्यांना पत्र लिहायचं आहे, आणि पाकिटावर 'क्ष' लिहायला हात धजत नाही.'

संपादकांनी वरच्या कोपऱ्यात शेरा मारला, 'कार्यालयाने नियमानुसार उत्तर द्यावे.'

भाऊंनी कोरा कागद मशीनला लावला. आधी आपलं नाव टाइप केलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तो कागद काढून खिशात ठेवला, नवा लावला आणि लिहिलं: 'महोदय, आपले पत्र मिळाले. नियमानुसार सदर व्यक्तीचे नाव आपणास कळविता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. कळावे. कार्यालय.'

उत्तर त्यांनी दोनदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.